सुडोकाका

कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या भागांत चार-दोन सोसायट्यांमागे एक सुडोकाका असतोच. लिनक्सच्या संगणकावर एखादी आज्ञा सर्वाधिकाऱ्याच्या, म्हणजे ‘रूट’च्या, हुकमतीनं चालवायची असेल तर तिच्याआधी ‘सुडो’ लिहावं लागतं. त्यावरून बिल्डिंगमधल्या इंजिनीअरिंगच्या पोरांनी हे नाव पाडलेलं असतं आणि ते काकांच्या कानावरही आलेलं असतं. समोरच्या काकूंना मात्र कित्येक वर्षं वाटत आलंय की काका पेपरातलं सुडोकू फार सोडवतात. तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत काका पडत नाहीत. सुडोकू सोडवणाऱ्याला लोक नमस्कार करून पुढे जातात; संगणक कळणाऱ्याला घरी बोलावतात.

तरी बोलावणं येतंच. कुणाकडे तरी नवा लॅपटॉप आलेला असतो. त्याला हळदकुंकू लागलेलं असतं, समोर पेढे ठेवून झालेले असतात. घरातलं उत्साही मूल त्यावर काहीतरी टाकायला बसतं आणि निम्म्या वाटेवर पडद्यावर उमटतं: ‘परमिशन डिनाइड’. विंडोज असेल तर ‘ॲक्सेस इज डिनाइड’. मग सगळं घर गोळा होतं आणि एकच प्रश्न विचारतं, “अहो, पण लॅपटॉप आपलाच आहे ना?” साठ हजार मोजून आणलेल्या यंत्रानं मालकालाच ‘नाही’ म्हणावं, हे पुणेकराला सहन होत नाही. नाही म्हणायचा मान या शहरात परंपरेनं दुकानदाराचा आहे, मालाचा नाही.

काका येतात ते रिकाम्या हातानं. अंगात बहुधा एक विटलेला निळा टी-शर्ट असतो. २०११ च्या नोव्हेंबरात फेडोरा लिनक्सवाल्यांचं संमेलन सीओईपीत भरलं होतं, तिथला. (२०१५ सालीही असं संमेलन कोथरूडच्या एमआयटीत झालं. त्या वेळचा टी-शर्ट लग्नकार्याला.) संगणकासमोरच्या खुर्चीवर ते बसत नाहीत. शेजारी स्टूल ओढून घेतात आणि अटी सांगतात. कीबोर्डला मी हात लावणार नाही, टाइप तुम्ही करायचं. पासवर्ड मला सांगायचा नाही. तुम्ही तो घालत असताना मी कालनिर्णय बघतो. आणि पडद्यावर जे आलंय ते मोठ्यानं वाचायचं, शेवटच्या शब्दापर्यंत.

या तिसऱ्या अटीवर भलेभले आपटतात. “काहीतरी एरर आलाय,” एवढंच बहुतेकांना सांगता येतं. पडद्यावरची खोकी मिटवायची घाई इतकी की मजकूर वाचायच्या आत बोट ‘ओके’वर गेलेलं असतं. वास्तविक त्या दोन ओळींत बहुतेक वेळा सगळं लिहिलेलं असतं: कोणती फाइल, कोणत्या फोल्डरात, आणि तिथं वाचायला मनाई आहे, लिहायला आहे की प्रोग्राम म्हणून चालवायला. काकांची निम्मी विद्या म्हणजे ही दोन ओळींची वाचनकला. उरलेली निम्मी म्हणजे, मागितलं असेल त्याहून कणभरही जास्त न देणं.

ही दुसरी सवय बँकेतली. काका मूळचे बँकवाले. डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीनं १९८४ साली बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला आणि त्या दशकाच्या अखेरीस शाखांमध्ये युनिक्सवर चालणारी यंत्रं येऊ लागली. युनियनचा विरोध होता, वरच्यांचा आग्रह होता. शाखेतून प्रशिक्षणाला कुणाला पाठवायचं हा प्रश्न पडला तेव्हा नाव आलं ते ज्याच्यावाचून शाखेचं काही अडत नव्हतं त्याचं. अशा रीतीनं काकांची युनिक्सशी गाठ पडली, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना कळलं की हे आपलंच खातं आहे. व्हाउचर लिहिणारा वेगळा, पास करणारा वेगळा. स्वतः लिहिलेलं व्हाउचर स्वतः पास करायचं नाही, मग तुम्ही कितीही प्रामाणिक असा. लेजर बघायची मुभा म्हणजे लेजरात खाडाखोड करायची मुभा नव्हे. बँकेत हे नियम शिपायापासून मॅनेजरपर्यंत बजावून सांगावे लागत. इथं यंत्र ते न बजावता पाळत होतं, चहा न मागता.

२०००-०१ मध्ये सरकारी बँकांची स्वेच्छानिवृत्ती आली तेव्हा काकांनी ती घेतली. मग पुणे लिनक्स युझर्स ग्रुपच्या बैठकांना जायला लागले. मॉडेल कॉलनीतल्या सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत बावीस-पंचवीस वर्षांची मुलं जमत, त्यांच्यात हा एकटा पांढऱ्या केसांचा. सुरुवातीला मुलांना वाटलं, कुणाचे तरी वडील न्यायला आलेत.

मुलं तेव्हा पर्सनल संगणकावर वाढलेली होती आणि परवानगी हा प्रकार त्यांना मुळात जाच वाटे. त्याला कारणही होतं. युनिक्स १९६९ पासून पुढं बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या हातून घडलं. एका महागड्या यंत्रावर पुष्कळ माणसांनी एकाच वेळी काम करायचं, अशी ती व्यवस्था. साहजिकच कुणाचं काय, हे पहिल्यापासून ठरवावं लागलं. घरगुती विंडोजवर तो प्रश्नच नव्हता. विंडोज ९८ मध्ये जो समोर बसेल तो राजा. २००१ मध्ये एक्सपी आलं, त्यात नियम होते, पण घरचा पहिला वापरकर्ता जन्मतःच ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ असल्यानं ते कुणाला भेटलेच नाहीत. जानेवारी २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आलं आणि पहिल्यांदा ते यंत्र पडदा काळवंडून विचारू लागलं, हे करू का? लोक इतके वैतागले की ते विचारणंच बंद कसं करायचं, हे नवा संगणक विकणारे फुकटात सांगू लागले. होकाराचं बटण न वाचता दाबायचं, ही घरोघरची शिकवण तेव्हाची आहे.

काका हे सगळं वाड्यावरून समजावतात. त्यांचं लहानपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, तेही भाडेकरू म्हणून गेलेलं, त्यामुळे या विषयात त्यांना अधिकार आहे. प्रत्येक फाइलीला एक मालक, एक गट आणि बाकीचे. म्हणजे घरमालक, बिऱ्हाडकरू आणि रस्त्यावरचे लोक. या तिघांना प्रत्येकी तीन गोष्टी देता येतात किंवा नाकारता येतात: वाचणं, लिहिणं, चालवणं. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज करायची. सगळं दिलं तर ७, फक्त वाचायला ४, वाचायला आणि चालवायला ५. फोल्डर असेल तर ‘चालवणं’ म्हणजे आत पाऊल टाकणं. म्हणून ७५५ म्हणजे मालकानं वाटेल ते करावं; बिऱ्हाडकरूंनी आणि परक्यांनी आत यावं, बघावं, पण खिळा ठोकायचा नाही. ७०० म्हणजे माडीवरची मालकाची खोली. नुसता १ दिला तर आत येता येतं, पण कोण कुठं राहतं ते विचारायचं नाही. आपलं बिऱ्हाड आधीच ठाऊक असेल तर सरळ तिकडं जा.

सगळ्यांसाठी ठेवलेलं ‘टेम्प’ नावाचं फोल्डर हा वाड्याचा चौक. तिथं कुणीही काहीही वाळत घालावं. पण त्याच्यावर एक जादा खूण असते आणि तिच्यामुळे दुसऱ्याचं वाळवण उचलता येत नाही. ज्याचं त्यानंच काढायचं, नाहीतर मालकानं. “हे आमच्या वाड्यात असतं,” काका म्हणतात, “तर माझ्या मुंजीतलं उपरणं आज घरात असतं.”

काकांचा जन्माचा वैरी म्हणजे ७७७. कुठंही परवानगी अडली की सगळ्यांना सगळं देऊन मोकळं व्हायचं, हा त्या आकड्याचा अर्थ, आणि इंजिनीअरिंगच्या पोरांचा तो कुलमंत्र. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला डेटा सायन्सच्या प्रात्यक्षिकात हडूप नावाचं अजस्र सॉफ्टवेअर स्वतःच्या लॅपटॉपवर चढवावं लागतं. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री काकांच्या दारावर पडणारी थाप बहुधा या हडूपची असते.

दृश्य ठरलेलं. मुलानं सीनियरच्या नोट्समधून आज्ञा जशाच्या तशा उतरवलेल्या असतात आणि धोका नको म्हणून प्रत्येक आज्ञेला आधी सुडो चिकटवलेला असतो. फोल्डर बनवलं सुडोनं, म्हणून त्याचा मालक झाला रूट. मग तोच मुलगा साध्या पावलानं आत लिहायला गेला, तर दार बंद. काकांच्या मते संगणकावरचे शंभरातले ऐंशी नकार हे असे आपणच आदल्या दिवशी पेरलेले असतात. (हा ऐंशीचा आकडा काकांचा, त्याला दुसरा आधार नाही.) अशा वेळी एका ओळीत फोल्डरची मालकी मुलाच्या नावावर केली की संपलं. चार-पाच शब्दांचं काम.

पण त्या रात्री तो मुलगा मालकी बदलत नाही. तो ७७७ देतो, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. आणि फोल्डरचा पत्ता लिहिताना पहिल्या तिरक्या रेघेनंतर चुकून एक मोकळी जागा सोडतो. नुसती तिरकी रेघ म्हणजे अख्खा संगणक. मोकळ्या जागेमुळे संगणकाला दोन वेगळे पत्ते दिसतात. त्यातला पहिला पत्ता तो प्रामाणिकपणे घेतो आणि पाळामुळांपासून सगळं सगळ्यांसाठी उघडं करत सुटतो.

यानंतर जे होतं ते काका दर वेळी तितक्याच आनंदानं सांगतात. सगळ्यांना सगळं मिळालं, आणि सुडो चालेना. कारण सुडो हा प्रोग्राम चालवणारा कुणीही असो, तो रूटच्या ताकदीनं चालतो, आणि ती ताकद त्याच्या फाइलीवरच्या एका खास खुणेत असते. ही खूण डेनिस रिचींची कल्पना. तिचं अमेरिकन पेटंट १९७९ साली मिळालं आणि मग ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. सरसकट ७७७ दिलं की ती खूण पुसली जाते. सुडो तक्रार करतो की माझ्यावर ती खूण नाही, मी काम करणार नाही. खूण परत लावायला रूटची ताकद लागते. ती मागायची कुणाकडे? सुडोकडे.

मुलगा घाम पुसत कॉलेजच्या सर्व्हरवर तरी जाऊन बघतो, तर तिथं जायची त्याची किल्लीची फाइलही आता ७७७. दूरच्या संगणकात शिरणारा एसएसएच हा प्रोग्राम ती किल्ली हातात धरायलाच तयार नाही. ठळक अक्षरांत बजावतो की ही सगळ्यांना वाचता येते, म्हणून मी ती मानत नाही. आयुष्यभर परवानगी कमी पडते म्हणून रडलेला मुलगा पहिल्यांदाच परवानगी जास्त झाली म्हणून अडतो. अशा वेळी काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते त्यांच्या नातवाच्या बारशालाही दिसलं नव्हतं, असं घरचे सांगतात.

मग पेन ड्राइव्हवरून संगणक चालू करणं, जर्नलच्या फाइली आधी बाजूला काढणं, सगळं नव्यानं बसवणं. रात्रीचे दोन. मुलाची आई मधूनमधून कॉफी आणते आणि विचारते, “व्हायरस होता का हो?” काका म्हणतात, “नाही, औदार्य होतं.”

यात एक हमखास प्रसंग असतो. सुडो पासवर्ड मागतो आणि टाइप करताना पडद्यावर सहसा काहीच उमटत नाही. टिंबं नाहीत, चांदण्या नाहीत. घरातले म्हणतात, कीबोर्डही गेला. नव्या माणसाला सुडो हा असा जरा तिरसट वाटतोच. परवानाधारकांच्या यादीत नाव नसेल तर ‘ही घटना कळवली जाईल’ असं वर्षानुवर्षं दमात सांगत आलाय. १९८० च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी तो लिहिला तेव्हा कळवायला एक खराखुरा व्यवस्थापक होता. घरच्या लॅपटॉपवर ती तक्रार आपल्याविरुद्ध आपल्याकडेच येते. काका स्वतःच्या यंत्रावरच्या अशा तक्रारी दर रविवारी वाचतात. दखल घेतात की नाही, ते कळत नाही.

सगळीच गिऱ्हाइकं लिनक्सवाली नसतात. खरं तर बहुसंख्य विंडोजवाली असतात आणि काकांना ती नाक मुरडून का होईना स्वीकारावी लागतात. सगळ्यांत जास्त येतो तो जुन्या डिस्कचा किस्सा. जुना संगणक बंद पडला, डिस्क काढून डबीत घातली, नव्या लॅपटॉपला जोडली. फोटोंचं फोल्डर उघडायला गेलं तर परवानगी नाही. तिथंही आजोबांचं नाव, इथंही आजोबांचं नाव, स्पेलिंगही तेच. पण विंडोज नावाला विचारत नाही. प्रत्येक खात्याला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो आणि तो नव्या संगणकावर नवा पडतो. जुन्या फाइलींवर जुना क्रमांक, त्यामुळे नव्या यंत्राच्या लेखी आजोबा परके. ‘कंटिन्यू’ दाबून कायमची परवानगी घेता येते. मात्र एकेका फाइलीवर नवं नाव चढवत जायला यंत्राला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात काकांचं बेल लॅब्जपासून सुरू होणारं व्याख्यान ऐकून घ्यावं लागतं.

या व्याख्यानातून एक गोष्ट काका शिताफीनं वगळतात. तीच डिस्क त्यांनी स्वतःच्या लिनक्स लॅपटॉपला जोडली असती तर सगळे फोटो काही न विचारता उघडले असते. विंडोजनं फाइलीवर लावलेल्या मनाया लिनक्स सहसा बघतच नाही. आणि लिनक्सची डिस्क लिनक्सला जोडली तरी फार वेगळं नाही. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात पहिल्या वापरकर्त्याचा क्रमांक १००० असतो, सगळीकडे १०००. कोथरूडच्या १००० नंबरच्या काकांची डिस्क हडपसरच्या १००० नंबरच्या मुलाच्या यंत्राला जोडली, तर ते यंत्र त्या फाइली मुलाच्याच समजतं. फाइलीवरची परवानगी चालते ती यंत्राच्या राज्यात. डिस्क उचलून नेणाऱ्याला अडवायचं तर ती कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करावी लागते. काकांना हे सगळं पाठ आहे. एवढा मोठा रखवालदार आणि मागची भिंत पडकी, हे चारचौघांत सांगवत नाही इतकंच.

काकांची खरी कसोटी लागते ती गणपतीनंतर, दिवाळी अंकांच्या हंगामात. पेठांमधून अजूनही डीटीपीची छोटी ऑफिसं आहेत. दोन टेबलं, एक प्रिंटर, भिंतीवर मागच्या वर्षांच्या अंकांची मुखपृष्ठं. तिथला मालक बँकेतल्या दिवसांपासूनचा स्नेही. जुना संगणक ऐन हंगामात जातो, नवा येतो, आणि त्यावर पानं लावायचा तोच जुना पेजमेकर चढवायचा असतो. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, निघाली २००१ मध्ये. ज्या ऑपरेटरचा हात त्यावर बसलाय त्याला दुसरं काही नको असतं. ‘याच्यात माझी पानं वेळेत निघतात,’ हे त्याचं म्हणणं, आणि काका सोडून कुणालाच ते खोडून काढावंसं वाटत नाही.

पहिला घोळ फॉन्टचा. संगणक लावून देणाऱ्या पोरानं आपल्या खात्यातून सगळे मराठी फॉन्ट टाकले. ऑपरेटर आपल्या खात्यातून बसला तर एकही दिसेना. विंडोज १० मध्ये २०१८ च्या अखेरीपासून साधा ‘इन्स्टॉल’ दाबला की फॉन्ट त्या एका माणसापुरता बसतो. सगळ्यांसाठी हवा तर उजवं बटण दाबून तसा वेगळा पर्याय निवडावा लागतो. पोरगं शपथेवर सांगतं टाकले, ऑपरेटर शपथेवर सांगतो नाहीत. दोघंही खरं बोलत असतात आणि त्यामुळेच भांडण लांबतं.

दुसरा घोळ अधिक गमतीचा. सकाळी केलेल्या सेटिंग्ज दुपारी गायब. संध्याकाळी परत हजर. ऑफिसातल्या मावशी म्हणतात, नव्या यंत्राची दृष्ट काढा. प्रकार असा, की त्या काळचे प्रोग्राम आपल्या नोंदी ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरात लिहीत. व्हिस्टापासून तिथं लिहायची मनाई घरोघर जाणवू लागली. पण एकदम ‘नाही’ म्हटलं तर जुने प्रोग्राम कोलमडतील, म्हणून विंडोज त्यांना खोटं सांगतं: लिहिलंस बरं का. प्रत्यक्षात ती नोंद त्या वापरकर्त्याच्या कोपऱ्यात ‘व्हर्च्युअल स्टोअर’ नावाच्या फोल्डरात गुपचूप ठेवून देतं. प्रोग्राम ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून चालवला की ही लबाडी बंद होते आणि नोंद खऱ्या जागी जाते. आता ऑपरेटर सकाळी साध्या खुणेवर दोनदा टिचकी मारून प्रोग्राम उघडतो; दुपारी काहीतरी अडलं की कुणीतरी सांगितलेलं ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ करतो. झाले दोन वेगळे संसार, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

हे उकलायला काकांना दोन दुपारी लागतात. दोन्ही दुपारी एक ते चार; झोप मोडून. उपाय सुटसुटीत: प्रोग्राम ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये न बसवता डी ड्राइव्हवर साध्या फोल्डरात बसवायचा, तिथं लिहायची परवानगी ऑपरेटरच्या खात्याला द्यायची आणि ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चं नाव काढायचं नाही. मालक म्हणतो, “अरे, सगळ्यांनाच ॲडमिन करून टाक ना, कटकट नको.” काका त्याला बँकेतल्या एका जुन्या प्रकरणाची आठवण करून देतात, ज्यात एका माणसाकडे दोन्ही किल्ल्या होत्या. मालक गप्प होतो. प्रकरण काय होतं ते दोघंही सांगत नाहीत.

लहान मुलांशी मात्र काकांचं जमतं. आठवीतली मुलगी आर्डुइनोचा बोर्ड घेऊन येते. लिनक्सला जोडलाय, दिवा लागतोय, पण प्रोग्राम बोर्डात जाईना, परमिशन डिनाइड. ती यूएसबीच्या वाटेची परवानगी ‘डायलआउट’ नावाच्या गटाला असते. त्या गटात तिचं नाव घालायचं. नाव मोडेमच्या जमान्यातलं, म्हणजे ज्यांना फोन लावून बाहेर जायची मुभा त्यांचा गट. १९९५ साली व्हीएसएनएलनं इंटरनेट लोकांना खुलं केलं, तेव्हा मोडेम कसा कोकलायचा याची नक्कल काका करून दाखवतात. मुलगी नाव घालते. तरी परवानगी नाकारलीच. ती रडकुंडीला येते, काका निवांत. गटांची हजेरी लॉगइन होताना एकदाच घेतली जाते, म्हणून एकदा बाहेर पडून परत आत यायचं. मोठी माणसं या टप्प्यावर संगणकाला शिव्या देतात. मुलगी वहीत लिहून घेते.

सोसायटीत काकांचा दरारा वेगळ्याच कारणानं. पाण्याच्या टँकरचा हिशोब ठेवायला सेक्रेटरींनी एक गूगल शीट केली आणि सोयीचं म्हणून ‘लिंक असेल तो बदल करेल’ असं ठेवलं. एप्रिलमध्ये बी विंगच्या नावावर एका दिवसात चारशे टँकर पडले. कुणाच्या तरी नातवाचा पराक्रम. त्यावरून झालेल्या सभेत काकांकडे शीटचा ताबा आला आणि तेव्हापासून अध्यक्षांनाही ती फक्त वाचता येते. त्यांची ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ची ईमेल रात्री अकराला येते. काका सकाळी उत्तर देतात: कोणता रकाना, कशासाठी, किती वेळ?

या व्रताची किंमत काका स्वतःही मोजतात. अँड्रॉइडनं २०१५ पासून प्रत्येक ॲपला वेगळी परवानगी विचारायला लावली, हा काकांच्या मते गेल्या दशकातला एकमेव चांगला बदल, आणि त्याचा त्यांनी पुरेपूर लाभ घेतलाय. त्यांच्या फोनवरच्या कुठल्याही ॲपला काहीही दिसत नाही. टॅक्सीच्या ॲपला ते कुठे उभे आहेत हे माहीत नसतं. त्यामुळे पावसात कर्वे पुतळ्यापाशी उभे राहून ड्रायव्हरला फोनवर खुणा सांगत असलेले एक गृहस्थ कधी दिसले तर ते काकाच समजावेत. काकू तोवर रिक्षा करून पुढं गेलेल्या असतात.

अलीकडच्या वर्षांत जगानं काकांना थोडं आपलं म्हटलंय. २०२३ च्या जूनमध्ये लिनक्सचं डेबियन १२ आलं आणि त्यात पायथन या भाषेच्या जादा गोष्टी थेट सिस्टिममध्ये टाकायला बंदी झाली; सुडो लावला तरी बंदी. तरीही करायचंच असेल तर आज्ञेच्या शेपटीला ‘ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ असं जोडावं लागतं. म्हणजे मी हे सिस्टिम मोडायच्या तयारीनं करतोय, असं यंत्र लिहून घेतं. ही बातमी कळली त्या दिवशी काकांनी घरात श्रीखंड आणलं. पुढं फेब्रुवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजसाठीही सुडो जाहीर केला आणि त्याच वर्षी तो विंडोज ११ मध्ये आला. पोरं वाकुल्या दाखवायला आली, “काका, तुमचं दुकान बंद!” काकांनी एवढंच विचारलं, की तो सुरुवातीला चालू असतो की बंद. बंद असतो, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो, असं कळल्यावर मायक्रोसॉफ्टबद्दल त्यांनी प्रथमच एक बरा शब्द उच्चारला.

२०२५ च्या ऑक्टोबरात उबुंटूनं चाळीस वर्षांहून जुना सुडो बाजूला ठेवून ‘रस्ट’ या नव्या भाषेत पुन्हा लिहिलेला सुडो बसवला, तेव्हा मात्र काका हलले. ज्याच्या नावानं आपण ओळखले जातो तो आतून कसा लिहिलाय हे आपल्याला वाचता येऊ नये, हे त्यांना बरं वाटेना. त्र्याहत्तराव्या वर्षी त्यांनी रस्ट शिकायला घेतलं. शिकवायला येतो तो तिसऱ्या मजल्यावरचा अकरावीतला मुलगा. त्यानं फी म्हणून काकांच्या वाय-फायचा पासवर्ड मागितला. काकांनी दोन दिवस विचार केला आणि त्याच्यासाठी पाहुण्यांचं वेगळं नेटवर्क काढून दिलं: वेग बांधलेलं, प्रिंटर न दिसणारं, आणि रात्री दहा वाजता आपोआप बंद पडणारं.